पावणेदोन किलोची मुलगी

१

तेजस्वी बाथरूममधून खोलीत परतली तेव्हा पाळण्यात नुसतं दुपटं पडलेलं होतं. बाळ नव्हतं.

आधी तिला वाटलं, लुसी सिस्टरनं अंग पुसायला नेलं असेल. भिंतीचा आधार घेत ती पॅसेजमध्ये आली. समोरून लुसी इंजेक्शनच्या सुया उकळलेलं भांडं घेऊन येत होती.

“सिस्टर, बाळ कुठाय?”

“तुमच्याजवळच तर आहे,” लुसी म्हणाली, आणि तेजस्वीचा चेहरा बघून तिनं भांडं तिथंच लादीवर ठेवलं.

वसई स्टेशनच्या पश्चिमेला, एका इमारतीच्या तळमजल्यावरचं ते सहा खाटांचं नर्सिंग होम. खाटांखाली, कपाटांत, मागच्या मोरीत, सगळीकडे बघून व्हायला फार वेळ लागला नाही. बाळ कुठंच नव्हतं.

जानेवारी १९९८. त्या वर्षी वसईत दुपारीसुद्धा सावलीत अंगावर काटा यायचा. मुलगी जन्मून चारच दिवस झाले होते आणि वजन जेमतेम पावणेदोन किलो. दूध ओढण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती. आईचं दूध वाटीत काढून चमच्यानं पाजायचं, पाळण्यावर बल्ब लावून ऊब द्यायची, असं चाललं होतं. एवढंसं मूल गारठलं की रडतसुद्धा नाही, नुसतं गप्प होत जातं. डॉक्टर उन्नतीला हे ठाऊक होतं. तिनं पोलिसांना फोन लावायला घेतला.

तेजस्वीनं तिचा हात धरला. “पोलीस नको, उन्नती. आमच्या निर्मळ गावभर होईल. हरेशच्या कानावर गेलं तर माझं काय उरेल?”

दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. त्यामुळे पुढचं उन्नतीला सांगावं लागलं नाही. तेजस्वीचा नवरा हरेश चैत्रात नोकरीसाठी मस्कतला गेला होता आणि मुलगी पौषात झाली. नऊ महिने बरोबर भरत होते. पण सासूनं, रंभानं, नात हातात घेतली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “हे आठव्याचं पोर दिसतं.” आठव्याचं, म्हणजे हरेश गेल्यानंतरचं.

उन्नतीनं रिसीव्हर ठेवला आणि दुसरा नंबर फिरवला. “मावशी, असशील तशी निघ. तासभर मी थांबते. मग मात्र पोलिसांना कळवणार.”

२

उन्नतीची मावशी सुमेधा प्रधान मुंबई पोलिसांतून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त होऊन वसईतच, एव्हरशाईन सिटीत राहत होत्या. केस बॉयकट, बोलणं हळू. समोरचा माणूस खोटं बोलत असला तरी त्या मध्ये तोडत नसत. खोटं पुरं ऐकून घ्यावं, असं त्यांचं मत होतं.

त्यांनी आधी खोली बघितली. पाळण्यातली गरम पाण्याची रबरी पिशवी गेली होती. कापसाची गुंडाळी गेली होती. टेबलावरची वाटी आणि चमचाही नव्हता.

“नेणाऱ्याला बाळ जगायला हवंय,” त्या म्हणाल्या. “हे आपल्या बाजूचं. तेजस्वी, काय झालं ते सांग.”

तेजस्वी खाटेवर बसली होती. लवंग चघळत होती. बाळंतिणीला देतात तशी. “आई, म्हणजे सासूबाई, आल्या होत्या. एकच्या सुमाराला ‘येते’ म्हणून गेल्या. मग मी बाळाला पाजलं. चमच्यानं पाजायला अर्धा तास लागतो. निजवलं आणि बाथरूमला गेले. दोन मिनिटं फक्त. परत आले तर...”

सुमेधाबाईंनी तिचा हात हातात घेतला. दोन बोटांच्या मध्ये पिवळट डाग होता.

“हे काय लागलंय?”

“फुलांचं. पहाटे गजरे करायला बसतो ना आम्ही.” तिनं हात काढून घेतला.

बाहेर बाकावर तिचा भाऊ जितेश होता. विरारहून आलेला, कुरिअर कंपनीत कामाला. तो बसल्या जागी पाय हलवत होता.

“मी नेलं असतं तर बहिणीलाही नेलं असतं, मॅडम. तसं बोललोही होतो परवा. त्या बाईच्या घरात हिला परत पाठवणारच नाही. पण मी साडेबारापासून इथंच आहे, विचारा कोणालाही. मला सांगा, म्हातारीला का नाही धरत? तिलाच पोर नकोय.”

“त्या एक वाजता गेल्या. तुझी बहीण म्हणते, बाळ त्यानंतर अर्धा तास तिच्याजवळ होतं.”

जितेशचा हलणारा पाय थांबला.

सासरा जयराम फाटकाबाहेर उकिडवा बसून विडी ओढत होता. पायाशी चावून चपट्या झालेल्या थोटकांचा खच. त्याला विचारलं तर तो एवढंच म्हणाला, “पोर घरची हाय, बाई. माझी बायको काय पन बोलू दे. तेजस्वी तशी पोरगी नाय.” आणि खाली बघत राहिला.

लुसीनं वेळा नीट सांगितल्या. रंभा एकला गेली, हे खरं. “रोजच्यासारखी फुलांची पाटी घेऊन गेल्या. बाजारात विकून उरलेली फुलं असतात, निर्मळच्या देवळात वाहतात. रोज पाटीतलं पाणी माझ्या पुसलेल्या लादीवर टपकतं, रोज आमचं वाजतं. आज मेहेरबानी, एक थेंब नाही पाडला.”

“आणि ती वाटी कुणी ठेवली होती?”

“मीच. बाराला दूध काढून घेतलं, भरलेली वाटी झाकून टेबलावर ठेवली. त्या गेल्यावर मी आत, डॉक्टरांच्या हाताखाली. बाहेर आले तेव्हा ही भिंत धरून उभी.”

सुमेधाबाई पॅसेजच्या टोकाला बायकांच्या बाथरूममध्ये गेल्या. दार लावून घेतलं. वर झरोक्यात पाण्याचा डबा ठेवलेला होता. त्यांनी बादली पालथी घातली, तिच्यावर चढल्या आणि डबा बाजूला केला.

खाली उतरल्या तेव्हा त्यांच्या रुमालाला एक गाठ होती. उन्नतीनं विचारलं, काही सापडलं का. त्यांनी मान हलवली. पण ती होकाराची की नकाराची, ते उन्नतीला कळलं नाही.

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. रंभा परत आली होती. हातात पाटी नव्हती.

३

रंभा पन्नाशीची, काटक, दात तंबाखूच्या मिश्रीनं काळे झालेले. बाळ गेल्याचं जितेशनं तिला फाटकातच ओरडून सांगितलं. ती काही न बोलता आत येऊन बसली. सुमेधाबाईंनी तिला उन्नतीच्या केबिनमध्ये नेलं आणि दार ओढून घेतलं.

“तुमच्याकडं आत्ता कुठलं फूल आहे, रंभाबाई?”

“कागडा. थंडीत तोच.”

“पांढरा ना तो? आणि कोरड्या फडक्याखाली किती वेळ टिकतो?”

“कोरड्या कोन ठेवील? सुकून जाईल. ओलं फडकं लागतं, वर केळीचं पान.”

“मग आज तुमच्या पाटीतून एकही थेंब का पडला नाही? पाटीत फुलं नव्हती, म्हणून.”

रंभा टेबलाच्या कडेला बघत राहिली.

“तुम्ही ‘येते’ म्हणून खोलीबाहेर पडलात. तेजस्वी तशीच बाथरूमला गेली. तुम्ही मागं फिरलात. बाळाला कापसात गुंडाळलंत, पिशवी घेतलीत, दुधाची वाटी घेतलीत.”

“सून तर म्हनते, मी गेल्यावर तिनं पोरीला पाजलं.”

“पाजलं असतं तर वाटी रिकामी झाली असती. रिकामी उष्टी वाटी कोण कशाला नेईल? नेणाऱ्यानं ती नेली, म्हणजे तीत दूध होतं. तुमची सून खोटं बोलली. का बोलली, ते मी नंतर बघते. तिच्या खोट्यानं तुम्ही सुटलात, एवढंच. आता मला फक्त एक सांगा. मुलगी जिवंत आहे ना?”

बाहेर जितेशचा आवाज चढला होता.

“हाय,” ती शेवटी म्हणाली. “गासला हाय. कार्मिनबायकडं.”

कार्मिन म्हणजे जवळच्या गास गावातली, मिशनच्या दवाखान्यातली जुनी नर्स. हरेश तिच्याच हातावर जन्मला होता. “मला खरं काय ते कळायला हवं होतं. ही डॉक्टरीन सुनेची मैत्रीन, ती तिच्याच बाजूनं बोलनार. कार्मिनबाय माझ्याशी खोटं बोलनार नाय. तिनं पोर बघितलं आनि म्हनली, वाऱ्यातून परत नेऊ नको, आईला इकडं घेऊन ये.”

“मग आल्याबरोबर का नाही सांगितलंत?”

“तिनं जे सांगितलं, ते तोंडातून निघंना,” रंभा म्हणाली.

४

एका रिक्षात तेजस्वी, उन्नती आणि सुमेधाबाई. दुसरीत रंभा आणि जयराम. जितेश स्कूटरवर पुढं. वाटभर तेजस्वी रिक्षाची दांडी धरून पुढं वाकून बसली होती. उन्नती घड्याळ बघायची आणि हात पदराखाली लपवायची.

कार्मिनचं घर केळीच्या बागेत होतं. म्हातारी आरामखुर्चीत टेकून बसलेली, अंगावर दोन शाली. तिनं वरची शाल जरा सारली तेव्हा छातीला चिकटून निजलेलं बाळ दिसलं. उन्नतीनं त्याच्या पावलाला हात लावला. पाऊल गरम होतं. तिनं डोळे मिटून घेतले.

तेजस्वी खाली जमिनीवरच बसली आणि दोन्ही हात पुढं केले. कार्मिननं बाळ तिच्या हातात दिलं. वाटीतलं दूध पोटात गेलं होतं; बाळानं तोंड वाकडं करून बारीक आवाज काढला. तो आवाज ऐकून जितेशला दाराबाहेर जावं लागलं.

तो परत आला तेव्हा कार्मिन बोलत होती.

“तळपाय बघ हिचे. टाचेपर्यंत रेघाच रेघा. कान दुमडला तर आपला उभा राहतो. आठव्याच्या पोराचा कान कापडासारखा पडून राहतो. ही पुऱ्या दिवसांची आहे. रंभे, तुला सांगितलं, आता सगळ्यांसमोर सांगते. नात तुझीच आहे.”

“पहिल्या दिवसापासून मी हेच सांगतेय,” उन्नती म्हणाली.

“तू सांगितलंस, पण पुढचं विचारलंस का, डॉक्टर? पुऱ्या दिवसांचं मूल एवढंसं का?” म्हातारी रंभाकडे वळली. “मी दुपारी हिला विचारलं. सुनेला खायला घालत होतीस का? ही गप्प.”

जितेश पुढं झाला. “म्हणजे उपाशी ठेवली. उपाशी ठेवलीत माझ्या बहिणीला, आणि वर तिच्यावरच आळ घेतलात. आता बघाच. उद्या सकाळी पोलीस स्टेशनला जातो, तुम्हा दोघांना आत टाकतो. पेपरमध्येसुद्धा देतो.”

“मी घातलं रे,” रंभा म्हणाली. “ताटात वाढलं. देवाशपथ वाढलं.”

“तुम्ही असंच बोलणार.”

रंभानं सुनेकडं बघितलं. तेजस्वी बाळाकडं बघत होती. तिनं वर मान केली नाही.

“उन्नती,” सुमेधाबाई म्हणाल्या, “नऊ महिन्यांत हिचं वजन किती वाढलं?”

“दहा-अकरा किलो. रक्त चांगलं, ब्लडप्रेशर ठीक, साखर नाही. मलाही म्हणूनच कळत नाहीये.”

“अकरा किलो वाढणारी बाई उपाशी नसते, जितेश. खाली बस. तेजस्वी, बाळ कार्मिनबायकडं दे आणि जरा आत ये माझ्याबरोबर.”

५

स्वयंपाकघरात सुमेधाबाईंनी रुमालाची गाठ सोडली. आत विडीचं थोटूक होतं.

“बायकांच्या बाथरूमच्या झरोक्यात, डब्यामागं. तुझे सासरे तिथं जात नाहीत, आणि त्यांची थोटकं चावलेली असतात. हे चावलेलं नाही. सासू मिश्री लावते, विडी ओढत नाही. लुसी आत डॉक्टरांच्या हाताखाली होती. तुझ्या तोंडात लवंग, आणि बोटांना पिवळा डाग. फुलांचा म्हणालीस. कागडा पांढरा असतो, तेजस्वी.”

तेजस्वी ओट्याला टेकली. मग हळूहळू सांगायला लागली. दिवस गेले तेव्हा फार मळमळायचं. पहाटे उठून गजऱ्यांना बसायचं. फुलं सुकू नयेत म्हणून खोलीची दारं-खिडक्या बंद. तिथं कुणीतरी म्हणालं, दोन झुरके घे, बरं वाटेल. वाटलंही. मग दोन झुरक्यांच्या चार विड्या झाल्या, पुढं पुढं तर हातात विडी नसली की दोऱ्याची गाठ बसेना.

“कोण म्हणालं?”

“ते नका विचारू.”

“आज किती वेळ होतीस बाथरूममध्ये?”

“अर्धा तास असेन. दोन ओढल्या. वास जाईपर्यंत थांबले. बाहेर आले आणि पाळणा रिकामा. मला आईंचाच संशय आला होता. पण बोलले असते तर मी कुठं होते, ते सांगावं लागलं असतं.” तिनं तोंडावर पदर धरला. “पोर हरवलं होतं, आणि मी विडी लपवत होते.”

“उन्नतीनं तुला तंबाखूचं विचारलं होतं?”

“विचारलं होतं. मी नाही म्हटलं. बाईमाणूस विडी ओढतं म्हटल्यावर लोक काय म्हणतात, तुम्हाला ठाऊक आहे. पण त्याचा बाळाशी काय...” ती थांबली. सुमेधाबाईंच्या चेहऱ्यावर तिला उत्तर दिसलं. “विडीनं झालं हे?”

“हो.”

ओसरीवरून जितेशचा आवाज येत होता. रंभाचा येत नव्हता.

“तुझ्याबद्दल सासू काय बोलली, ते साऱ्या घरानं ऐकलंय,” सुमेधाबाई म्हणाल्या. “तू गप्प राहिलीस तर दोष तिच्या माथी जाईल. उन्नतीला मी सांगणार, कारण ते बाळासाठी लागेल. बाकी कुणाला सांगणार नाही. पुढं तू बघ.”

त्यांनी थोटूक चुलीत टाकलं आणि बाहेर गेल्या.

तेजस्वीला यायला वेळ लागला. आली ती दारातच उभी राहिली, चौकट धरून.

“आईंनी मला उपाशी ठेवलं नाही,” ती म्हणाली. “चांगलं खायला घातलं. मीच विड्या ओढत होते. पोटात बाळ असताना रोज ओढल्या. आजही ओढत होते, म्हणून बाळ कधी गेलं ते मला कळलं नाही.”

जितेश हसल्यासारखं करून म्हणाला, “काहीतरी बोलू नकोस, ताई.”

“खरं आहे ते,” उन्नती सावकाश म्हणाली. सगळे दुवे तिच्याही मनात आत्ताच जुळत होते. “धुरानं गर्भाकडं जाणारं रक्त कमी होतं. आई कितीही जेवली तरी बाळापर्यंत पुरेसं पोचत नाही. नऊ महिने भरतात, पण मूल वाढत नाही. तू मला सांगितलं असतंस तर...” तिनं वाक्य सोडून दिलं.

जयराम पायरीवर बसला होता. तो उठला.

“इडी मी दिली तिला,” तो म्हणाला. “पोर सकाळची ओकायची, माझ्यानं बघवेना. माझी आई पन शेतावर ओढायची. मला काय ठाऊक.” त्यानं खिशातलं बंडल काढलं, हातात धरून उभा राहिला, आणि ते कुठं ठेवावं ते त्याला सुचेना.

रंभा उठली. ती आता सुनेवर धावणार, असं वाटून जितेश मध्ये आला. पण ती त्याला वळसा घालून कार्मिनच्या खुर्चीपाशी गेली, बाळाच्या कपाळाला बोट लावलं आणि बाहेर पडली. नाक्यावरच्या फोनच्या बूथवरून तिनं मस्कतला फोन लावून घेतला. तिला ओरडून बोलायची सवय होती, त्यामुळे रस्त्यावरच्या माणसांनाही ऐकू आलं.

“हरेश, पोरगी झाली. तुझीच हाय. मी चुकीचं बोलले तुझ्या बायकोला.”

६

मुलगी जगली. तिचं नाव आर्या. हरेश दोन वर्षांनी परत आला आणि त्यानं घरच्या फुलबागेतच लक्ष घातलं. तेजस्वीनं विडी सोडली. त्यासाठी तिला फार त्रास झाला, पण ती वेगळी गोष्ट.

सहा वर्षांनी उन्नतीनं मावशीला पुन्हा फोन केला. “आर्या चौतीस किलोची झालीय. वीस पुरे होते. दोन जिने चढली तर धापा टाकते, शाळेत मुलं चिडवतात. पोटात असताना उपास घडलेली मुलं पुढं लवकर चरबी धरतात, असं आता आम्हाला वाटायला लागलंय. मी खाणं आखून दिलंय, तेजस्वी अगदी काटेकोर पाळते. तरी वजन वाढतंच आहे. तूच शोध.”

शोधायला फार लागलं नाही. आर्याच्या फ्रॉकचा खिसा चिकट होता आणि त्याला सुकेळ्यांचा वास येत होता. सुकवलेली केळी त्या घरात एकाच डब्यात असत, आणि तो डबा रंभाच्या खाटेखाली होता.

सुमेधाबाई दुपारच्या निर्मळला गेल्या. पडवीत रंभा एकटीच होती.

“किती देता दिवसाला?”

रंभानं नाकारलं नाही. “भूक लागते तिला.”

“भूक तिला लागते, की तुम्हाला भीती वाटते?”

रंभानं समोर वाळत टाकलेल्या मिरच्यांवरून उगाच हात फिरवला.

“हरेशच्या आधी मला एक मुलगी झालेली,” ती म्हणाली. “अशीच, मुठीएवढी. आठवडा पन काढला नाय. माझी सासू म्हनली, हे कोनाचं? आमच्यात एवढं बारकं होत नाय. मी त्या टायमाला दिवसातनं चारदा मिश्री लावायची. डॉक्टरीननं विडीचं सांगितलं, त्या दिवसापासून मी हिशेब करते. ही पोर जरा बारीक दिसली की मला ती पहिली दिसते, बाई. मी डबा उघडते.”

“तेजस्वीला ठाऊक आहे हे?”

“कोनालाच नाय. ह्यांना पन आठवत नसेल.”

“ती रोज स्वतःला दोष देत मुलीचं ताट मोजतेय. तुम्ही खाटेखालून डबा उघडताय. दोघी एकाच गोष्टीला घाबरताय, आणि मुलगी धापा टाकतेय.”

आत भांड्यांचा आवाज येत होता. तेजस्वी दुपारची भांडी घासत होती. रंभानं तो आवाज ऐकला. मग तिनं गुडघ्यावर हात टेकला, उठली आणि दारापाशी गेली.

“तेजू,” ती म्हणाली, “ते राहू दे. हात धुवून बाहेर ये. माझ्या पहिल्या पोरीचं सांगायचंय तुला.”